प्रेरणेचे व्याख्यान आणि साळखात्याचे दार

मागच्या महिन्यात आमच्यातल्या एका बांधवाला त्याच्या कंपनीने रविवारी सकाळी नऊ वाजता ‘कर्मचारी सक्षमीकरण’ शिबिराला बोलावले. हजेरी सक्तीची होती. पाहुणे वक्ते दोन तास बोलले. कामावर प्रेम करा, तक्रार करू नका, कंपनी म्हणजे तुमचे कुटुंब आहे, मनातली भिंत पाडा, असे बरेच काही त्यांनी सांगितले. हॉलच्या मागच्या बाजूला ठेकेदाराकडच्या दोन सफाई कामगार बाया चहाचे कप उचलत होत्या. त्या रोज त्याच इमारतीत येतात, पण शिबिर त्यांच्यासाठी नव्हते. त्या कंपनीच्या कुटुंबात बसत नाहीत.

बांधवाने हे सांगितल्यावर आमच्यात बराच वाद झाला. शिबिरात वाईट ते काय सांगितले, असा काहींचा सवाल होता. म्हणून इतिहासाकडे जाणे भाग आहे. कामगाराला ‘सक्षम’ कोणी केले आणि कशाने केले, याचे उत्तर व्यवस्थापनाच्या पुस्तकांत मिळत नाही. मुंबईच्या गिरण्यांत आणि रेल्वेच्या रुळांवर ते मिळते.

सुरुवात रविवारापासूनच करू. ज्या रविवारी ही शिबिरे भरवली जातात, ती सुट्टी कोणा मालकाने खूश होऊन दिलेली नाही. महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, ‘दीनबंधु’तून लिहिले. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तोवर कामगार दिवे लागेपर्यंत राबत होता आणि त्याच्यात प्रेरणा कमी आहे असे कोणी म्हणत नव्हते.

आता साळखात्याकडे येऊ. साळखाता म्हणजे गिरणीतला विणकामाचा विभाग. सूतकताईच्या खात्यापेक्षा इथे मजुरी चांगली होती. पण अस्पृश्य कामगारासाठी हे खाते बंद होते. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एका विणकराच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. अस्पृश्याचे तोंड लागले तर विटाळ होईल, असा सवर्ण कामगारांचा आक्षेप होता. यंत्र विलायतेहून आले, भांडवल शेटजींचे होते, पण दारावर पहारा मनूचा होता. शिवाय ओढलेल्या सुताबरोबर कापसाची धूळ फुप्फुसात जाते, तिचा त्रास सगळ्यांना सारखाच होता. त्या धुळीने कोणाची जात विचारली नाही.

या खात्यात शिरण्यासाठी महार, चांभार, मांग तरुणाला कोणती प्रेरणा कमी पडत होती? त्याच्याकडे हात होते, उमेद होती, पोटाची गरज होती. नव्हती ती फक्त परवानगी. आमचा सगळा मुद्दा एवढाच आहे. कामगार निरुत्साही आहे म्हणून मागे आहे, असे गृहीत धरून त्याच्या मनावर इलाज करणारे लोक दाराला लावलेल्या कुलपाबद्दल बोलत नाहीत.

१९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला, सहा महिने चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे स्पष्ट भूमिका मांडली. सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क तुमच्या मागण्यांत घाला, नाही तर आमच्या लोकांनी या संपात का राहावे? पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी घातली. ती मालकांसमोर गेली तेव्हा मालकांनी दिलेले उत्तर वाचण्यासारखे आहे. हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही, असे ते म्हणाले. दुर्दैवाने त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. दार अडवून उभे होते ते कामगारच. अर्थात मालकही निर्दोष नव्हते, कारण फुटलेला कामगार त्यांना स्वस्तात पडत होता.

जे मार्क्सवादी मित्र आजही आम्हाला ‘जातीचा मुद्दा काढून कामगारांची एकजूट मोडू नका’ असा सल्ला देतात, त्यांनी १९२८ चा हा प्रसंग पुन्हा पाहावा. एकजूट बाबासाहेबांनी मोडली नाही. ती आधीच मोडलेली होती. त्यांनी ती मोड दाखवली.

दहा वर्षांनी, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी, मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. कामगाराचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे बाबासाहेबांचे प्रतिपादन याच परिषदेतले. ब्राह्मणशाही म्हणजे एका समाजाची सत्ता एवढाच अर्थ नव्हे, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा नकार, असा खुलासा त्यांनी तिथेच केला. एवढे आपण नेहमी ऐकतो. त्या भाषणातला रेल्वेचा तपशील मात्र फार कमी लोक सांगतात. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातलीही कामे करावी लागतात आणि घरात विटाळ चालत नाही! आता सांगा, बढतीची शिडी कुठे अडली? त्या गँगमनच्या कौशल्यात की स्टेशनमास्तरच्या स्वयंपाकघरात?

कुलूप न काढता नुसते कौतुक करण्याची रीतही त्याच काळातली आहे. गांधीजींनी १९३६ मध्ये ‘हरिजन’मध्ये आदर्श भंग्यावर लेख लिहिला. सफाईचे काम पवित्र आहे, ते करणाऱ्याने ते सेवा म्हणून उत्तम करावे, त्याला शास्त्र कळावे, असा त्याचा सूर होता. हेतू चांगला होता असे मानू. बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात या विचारसरणीचा समाचार घेतला. ज्याला निवडच नाही, ज्याच्यावर हे काम जन्माने लादले आहे, त्याच्या मनात त्याच कामाचा अभिमान भरणे ही असहाय माणसाची क्रूर थट्टा आहे, असा त्यांचा आक्षेप होता. आजच्या शिबिरांतले ‘कोणतेही काम छोटे नसते’ हे वाक्य ऐकले की आम्हाला हाच वाद आठवतो. काम छोटे नसेल तर सांगणाऱ्यांच्या मुलांनी ते एक वर्ष करून पाहावे.

जुलै १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. विरोधकाच्या बाकावरून बोलणे वेगळे आणि खाते हातात घेऊन करणे वेगळे. त्यांनी काय केले? वर्षभर नोकरी झालेल्या कारखाना कामगाराला पगारी रजा मिळावी असा कायदा १९४५ मध्ये झाला. बारमाही कारखान्यांत आठवड्याचे ५४ तास कमी करून ४८ करणारा कायदा १९४६ मध्ये झाला. सरकार, मालक आणि कामगार एकत्र बसतील अशी त्रिपक्षीय परिषद सुरू झाली. मध्यवर्ती सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८ १/३ टक्के जागा १९४३ मध्ये मिळाल्या, आणि त्यामागे बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला दिलेले तक्रारींचे निवेदन होते. यांतल्या एकाही गोष्टीत कामगाराच्या मनाबद्दल एक शब्द नाही. तास, रजा, जागा, आणि टेबलावर बसण्याचा हक्क, एवढेच आहे.

कामगार संघटनेला मालकाने मान्यता दिलीच पाहिजे, असे विधेयक त्यांनी १९४३ मध्ये आणले. त्याचा कायदा व्हायला १९४७ उजाडले आणि तो कधी अमलात आलाच नाही. स्वतंत्र देशाच्या राज्यकर्त्यांना तेवढी तारीख काढायला सवड झाली नाही.

आम्ही भक्तीने लिहीत नाही, म्हणून अडचणीची बाजूही नोंदवतो. महायुद्धात कोळसा कमी पडू लागला तेव्हा स्त्रियांनी खाणीत भूमिगत काम करण्यावरची बंदी १९४३ मध्ये उठवली गेली. मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांना मध्यवर्ती कायदेमंडळात त्याचे समर्थन करावे लागले. टीका झाली, ती रास्त होती. मात्र त्या कामात स्त्री आणि पुरुष यांना समान कामाला समान वेतन हे तत्त्व त्यांनी लावून धरले, आणि १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

आता आपल्याच मुंबईत या. महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांना कागदावर कामगार म्हणतच नसत. त्यांना ‘स्वयंसेवक’ म्हणत आणि त्यांच्या मजुरीला मानधन. बहुसंख्य माणसे आपली, दलित समाजातली. शब्द किती सन्मानाचा! त्या सन्मानामुळे त्यांना ना रजा, ना भविष्यनिर्वाह निधी, ना हातमोजे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढा दिला, २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल दिला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. यांना स्वयंसेवक म्हणून घेण्यात अभिमान वाटावा असे कोणी कधी शिबिर भरवले होते का, ते मात्र आम्हाला कळलेले नाही.

आमच्या बांधवाने शिबिराच्या शेवटी हात वर करून विचारले की, साहेब, मागे कप उचलणाऱ्या त्या दोन मावशी या इमारतीत नऊ वर्षे आहेत, तर त्यांना कंपनीच्या पगारपत्रकावर घेण्याबद्दल सक्षमीकरणात काही आहे का? वक्ते हसले. चांगला प्रश्न आहे, म्हणाले, पण तो ठेकेदाराचा विषय आहे. मग सगळ्यांना उभे राहून टाळ्या वाजवायला सांगितले.