घर सोडायचं ठरलं, पण सामानाचं काय?

भाकरी थापत असाल तर थापत ऐका, शेळ्यांमागं असाल तर सावलीला बसून ऐका.

मध्यंतरी आम्ही एका गावात ग्रामसंघाच्या बैठकीला गेलो होतो. तिथला एक गट फार चिडलेला होता. "आम्हाला या ग्रामसंघात राहायचंच नाही. आत्ताच हात वर करा आणि मोकळं करा," असं त्या बायका म्हणत होत्या. हात वर होणार, एवढ्यात मागं बसलेल्या एका आजींनी विचारलं, "बाहेर पडून मग काय? कर्ज कुणाच्या नावावर राहणार? दळणयंत्र कुणाकडं जाणार?" बैठक गप्प झाली.

त्या आजींचा प्रश्न ऐकून आम्हाला इंग्लंडची गोष्ट आठवली. तिथं अख्ख्या देशानं असाच हात वर केला, आणि हा प्रश्न नंतर विचारला. आज तोच इतिहास सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात युरोपातले देश एकमेकांशी लढून उद्ध्वस्त झाले. पुन्हा तशी वेळ येऊ नये, व्यापारानं एकमेकांत गुंतलेले देश भांडणार नाहीत, या विचारानं १९५७ साली सहा देशांनी करार केला. जकात नको, माल इकडून तिकडं सुटा जाऊ दे, असा तो करार होता. पुढं देश वाढत गेले आणि त्याचा युरोपीय संघ झाला. ब्रिटन म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मिळून झालेला देश. तो १ जानेवारी १९७३ ला यात सामील झाला. दोनच वर्षांनी, १९७५ साली, तिथल्या लोकांना विचारलं गेलं की राहायचं का? तेव्हा शंभरातल्या ६७ जणांनी राहायचं म्हटलं.

मग पुढच्या चाळीस वर्षांत काय बिनसलं? संघातल्या कुठल्याही देशाचा माणूस दुसऱ्या देशात जाऊन राहू शकत होता, काम करू शकत होता. २००४ नंतर पोलंडसारख्या देशांतून पुष्कळ माणसं कामाला ब्रिटनमध्ये आली. त्याच काळात जुन्या खाणींच्या आणि गिरण्यांच्या गावांतलं काम कधीच बंद पडलेलं होतं. २००८ च्या मंदीनंतर सरकारनं खर्चाला कात्री लावली. लोकांना वाटायला लागलं, आपले नियम दूर ब्रुसेल्सला बसलेली माणसं करतात आणि आपलं कुणी ऐकत नाही. ही तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण त्या गावांची सगळी दुखणी संघामुळंच होती, असंही नव्हतं.

पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांच्या पक्षातच यावरून भांडण होतं. ते मिटवायला त्यांनी २०१३ साली लोकांचा कौल घेण्याचं वचन दिलं. २३ जून २०१६ ला मतदान झालं. कागदावर दोनच चौकोन होते, राहायचं की बाहेर पडायचं. बाहेर पडून कुठं जायचं, याचा चौकोन नव्हता.

प्रचारात एक लाल बस फिरत होती. आपण दर आठवड्याला संघाला ३५ कोटी पौंड देतो, ते सरकारी दवाखान्यांना देऊ, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता. तिथल्या सरकारी आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या संस्थेनं सांगितलं की हा आकडा दिशाभूल करणारा आहे, कारण संघाकडून सूट मिळते आणि काही पैसा परतही येतो. पण बस फिरतच राहिली. मतदानाला आठवडा राहिला असताना, १६ जूनला, संघात राहावं म्हणणाऱ्या जो कॉक्स या तरुण महिला खासदाराचा भर रस्त्यात खून झाला. त्यांना दोन लहान मुलं होती.

निकाल लागला. बाहेर पडायचं म्हणणारे १ कोटी ७४ लाख, राहायचं म्हणणारे १ कोटी ६१ लाख. शंभरात ५२ विरुद्ध ४८.

इथं जरा थांबू या. आपल्याकडं 'आडवी बाटली'चं मतदान तुम्हाला माहीत आहे. दारूचं दुकान बंद करायचं तर नुसती आलेल्या मतांतली जास्त मतं पुरत नाहीत. मतदार यादीतल्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणून तर आपल्या बाया घरोघर फिरून, आजारी आजीला गाडीत बसवून मतदानाला आणतात. ब्रिटनमध्ये अशी अट नव्हती. तिथं यादीत ४ कोटी ६५ लाख मतदार होते. त्या यादीच्या हिशेबानं बाहेर पडायला मत देणारे शंभरात ३७ जण होते. म्हणजे गावातलं एक दारूचं दुकान हलवायला आपल्याला जेवढी मतं लागतात, तेवढ्या प्रमाणाशिवाय तिथं एका देशानं ४३ वर्षांचा संसार मोडला. नियम आधी ठरला होता, त्यामुळं निकाल खराच. पण नियम ठरवताना किती विचार करायला हवा, हे यातून कळतं.

आणखी एक गंमत. त्या देशात राहणारे भारतीय नागरिक यात मत देऊ शकत होते, कारण भारत राष्ट्रकुलात आहे. म्हणजे तिथं शिकायला गेलेला आपला एखादा मराठी मुलगाही मत देऊ शकत होता. पण वीस वर्षं तिथं राबणारी पोलंडची बाई मत देऊ शकत नव्हती, आणि निर्णय तिच्या घरादाराचा होता.

दुसऱ्याच दिवशी सकाळी पंतप्रधानांनी राजीनामा जाहीर केला. पौंडाची किंमत तीस वर्षांत नव्हती एवढी घसरली. बाहेरून येणारं सगळं महागलं आणि त्याची झळ स्वयंपाकघरापर्यंत पोचली.

मग सुरू झाला खरा गोंधळ. थेरेसा मे पंतप्रधान झाल्या. संसदेला न विचारता बाहेर पडण्याची नोटीस देता येईल का, यावर जीना मिलर नावाच्या बाई कोर्टात गेल्या आणि जानेवारी २०१७ मध्ये जिंकल्या. मार्चमध्ये नोटीस दिली गेली. त्यानंतर मे बाईंनी संघाशी करार करून आणला. तो संसदेनं जानेवारी २०१९ मध्ये ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. पुढं आणखी दोनदा फेटाळला. बाहेर पडायचं म्हणणाऱ्यांतच एकमत नव्हतं. कुणाला अंगणापर्यंत जायचं होतं, कुणाला वेशीबाहेर. शेवटी मे बाई गेल्या. बोरिस जॉन्सन आले आणि त्यांनी संसदच काही आठवडे बंद ठेवली. सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्ष लेडी हेल आणि त्यांच्यासोबतचे दहा न्यायाधीश, अशा अकरा जणांनी एकमतानं सांगितलं की हे बेकायदा आहे. डिसेंबर २०१९ ची निवडणूक जॉन्सन मोठ्या बहुमतानं जिंकले आणि ३१ जानेवारी २०२० च्या रात्री ब्रिटन संघातून बाहेर पडला. मतदानाला तोवर साडेतीन वर्षं उलटली होती.

सगळ्यात मोठा पेच पडला आयर्लंडचा. दक्षिणेला स्वतंत्र आयर्लंड, तो संघात राहिला. उत्तरेचा तुकडा ब्रिटनचा, तो बाहेर पडला. तिथं तीस वर्षं हिंसाचार चालला होता. साडेतीन हजारांवर माणसं मेली होती. १९९८ च्या करारानं शांतता आली आणि सीमेवरच्या चौक्या गेल्या. लोक शेजारच्या शिवारात जावं तसे ये-जा करायला लागले. उत्तरेचं दूध प्रक्रियेसाठी दक्षिणेच्या डेअऱ्यांत जातं. आता चौक्या परत आणायच्या तर जुनी जखम उघडणार. म्हणून तपासणी जमिनीवर न ठेवता समुद्रावर, बंदरांत ठेवली. म्हणजे एकाच देशाच्या एका भागातून दुसऱ्या भागात माल नेताना कागद लागायला लागले. त्यावरून उत्तर आयर्लंडचं विधिमंडळ २०२२ पासून दोन वर्षं ठप्प राहिलं. बाहेर पडा म्हणताना हा विचार फार थोड्यांनी केला होता.

आता पोटापाण्याचं बघू. जानेवारी २०२१ पासून नवे नियम लागले. जकात नव्हती, पण कागद वाढले. स्कॉटलंडचे कोळी ताजे खेकडे, शेवंडं युरोपात पाठवत. आता प्रत्येक खेपेला आरोग्याचा दाखला, फॉर्म, तपासणी. माल वाटेतच खराब व्हायला लागला, तेव्हा मासळीवाल्यांनी लंडनमध्ये ट्रक नेऊन निषेध केला. नाशवंत मालाला एक दिवसाचा उशीर काय असतो, हे टोमॅटो, मेथी पिकवणाऱ्या आपल्याला कुणी सांगायला नको.

स्ट्रॉबेरी तोडायला रोमानिया, बल्गेरियाची माणसं येत, तीही कमी झाली. मग सहा महिन्यांचे परवाने देऊन मध्य आशिया, नेपाळपासून मजूर आणले गेले. त्यातल्या काहींनी येण्यासाठी कर्ज काढलं होतं. ऊसतोडीची उचल ज्यांच्या घरात माहीत आहे, त्यांना हे लगेच समजेल. गंमत म्हणजे परदेशी माणसं कमी व्हावीत म्हणून ज्यांनी मत दिलं, त्यांच्या देशात पुढं बाहेरून येणारे वाढले. ते युरोपाऐवजी भारत, नायजेरियासारख्या देशांतून आले. त्यात नर्स आणि म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायका पुष्कळ होत्या.

नुकसान नेमकं किती, हे सांगणं अवघड आहे, कारण मध्येच कोरोना आला आणि मग युक्रेनचं युद्ध. तरी तिथल्या सरकारी अंदाजपत्रक तपासणाऱ्या संस्थेचा अंदाज आहे की संघात राहिल्यावर जेवढी झाली असती, त्यापेक्षा देशाची उत्पादकता पुढच्या काळात ४ टक्क्यांनी कमी राहील. कॉर्नवॉल आणि वेल्सच्या गरीब भागांना संघाकडून मोठी मदत मिळत होती. तिथंही बहुमत बाहेर पडण्याकडंच होतं. त्यांना वेड्यात काढू नका. मदत येत होती, पण रोजगार आणि मान येत नव्हता.

आणि त्या पोलंडच्या बाईचं काय झालं? तिच्यासारख्या लाखो लोकांना जून २०२१ पर्यंत अर्ज करून आपण इथं राहत होतो हे दाखवावं लागलं. पुरावा म्हणजे पगाराची नोंद, बँकेचं खातं, विजेचं बिल. घर सांभाळणाऱ्या बाईच्या नावावर यातलं काय असतं? जन्म तिथं गेला, पण कागदावर नाव नवऱ्याचं. मैत्रिणींनो, सातबारावर, घरपट्टीवर आपलं नाव लावा असं आम्ही सारखं का म्हणतो, ते इथं कळतं. वरती कुठं तरी निर्णय होतो, आणि खाली बाईला विचारतात, "तू इथली, याचा कागद कुठाय?"

आपल्याशीही याचा संबंध आला. नाशिक-सांगलीची द्राक्षं जहाजानं नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात उतरतात. तिथून इंग्लंडला जाणाऱ्या पेटीला पूर्वी मध्ये सीमा नव्हती, आता आहे. दुसरीकडं, ब्रिटन आता स्वतःचे करार करू शकतो. २४ जुलै २०२५ ला त्यानं भारताशी व्यापार करार केला. संघात असता तर एकट्यानं हा करार त्याला करता आला नसता.

म्हणजे जाण्यात काहीच मिळालं नाही असं नाही. पण जनमत चाचण्या घेतात तेव्हा अलीकडं निम्म्याहून जास्त लोक म्हणतात की निर्णय चुकला. २०१६ ते २०२४ या आठ वर्षांत त्या देशानं सहा पंतप्रधान पाहिले.

त्या ग्रामसंघाच्या बैठकीत पुढं काय झालं ते सांगतो. त्या दिवशी हात वर झाले नाहीत. आजींच्या सांगण्यावरून एका वहीत दोन याद्या केल्या. राहिलो तर काय बदलायला हवं, आणि गेलो तर कर्ज, यंत्र, शिल्लक यांचं काय. मतदान पुढच्या महिन्यात ठेवलं. तेव्हा सात जणी राहायचं म्हणाल्या, चौघी जायचं. गट राहिला, पण ग्रामसंघाचा हिशेब दर महिन्याला मोठ्यानं वाचायचा ही त्या चौघींची अट सगळ्यांनी मान्य केली.

तुमच्या गटात असा प्रसंग आला तर आधी वही काढा. आणि ज्या हरल्या, त्यांचं म्हणणंही त्याच वहीत लिहा. या विषयावर गटात बोला आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा. पुढच्या भेटीत वाचून दाखवू. नमस्कार.