मध्यम गुणांचा विद्यार्थी आणि त्याचे महाविद्यालय

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ साली घेतली गेली. त्या पहिल्याच तुकडीत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर उत्तीर्ण झाले, आणि आपल्याकडील उच्च शिक्षणाचा इतिहास लिहिणारांची दृष्टी तेव्हापासून जी अशा देदीप्यमान नामावळीवर खिळली ती आजतागायत फारशी ढळलेली नाही. पारितोषिके नाहीत, शिष्यवृत्ती नाही, शिफारस करणारा कोणी तालेवार आप्तही नाही, अशा स्थितीत जेमतेम पास होऊन ‘आता पुढे कोठे?’ या विवंचनेत पडलेल्या विद्यार्थ्याचे दफ्तर मात्र क्वचितच उघडले गेले.

मॅट्रिक ही त्या काळी शाळेची नव्हे, विद्यापीठाची परीक्षा होती. परीक्षार्थींपैकी बहुसंख्य तिच्यात नापास होत, त्यामुळे पास झालेल्याला शेकडा किती मिळाले याची चौकशी करण्याची महाविद्यालयांना सहसा गरजच भासत नसे. खरा अडसर निराळा होता. महाविद्यालये मुंबई-पुण्यात आणि विद्यार्थी कोकणात, खानदेशात, देशावरच्या खेड्यांत. तेव्हा फीची तजवीज झाली तरी राहायचे कोठे आणि जेवायचे काय, हा प्रश्न उरेच. नादारी मिळवावी, आठवड्याचे सात दिवस सात घरी वार लावून जेवावे, एखाद्या वकिलाच्या मुलांना शिकवून खोलीचे भाडे सुटते का पाहावे, असा तो संसार असे. आणि वार तरी सर्वच जातींच्या मुलांना लागत होते असे थोडेच आहे!

याच विद्यापीठाची मॅट्रिक १८८७ साली राजकोटच्या एका मुलाने अहमदाबादच्या केंद्रावर दिली. ६२५ पैकी २४७.५ गुण, म्हणजे शेकडा चाळीसालाही किंचित कमी. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी. मुंबईपेक्षा खर्च कमी म्हणून त्याने भावनगरचे, दोनतीन वर्षांपूर्वीच निघालेले सामळदास कॉलेज पत्करले. परंतु प्राध्यापकांची व्याख्याने डोक्यावरून जाऊ लागली आणि पहिले सत्र संपताच तो घरी परतला. पुढे मावजी दवे नावाच्या कुटुंबस्नेह्याने हिशेब मांडला, की बी. ए. व्हायला चारपाच वर्षे जाणार आणि त्यातून फार तर साठ रुपयांची नोकरी मिळणार, दिवाणगिरी नव्हे. तेव्हा विलायतेस जाऊन बॅरिस्टर व्हावे हे बरे. हा सल्ला खर्चाच्या दृष्टीने किती अव्यवहार्य होता हे उघड आहे, तरी घर, मुलाची कुवत आणि पदवीचे बाजारातील मोल या तिन्हींचा एकत्र विचार करणारा मनुष्य त्या कुटुंबाला लाभला, एवढे मान्य करावे लागते. भावनगरची निवड केवळ स्वस्ताईवर झाली होती, आणि ती फसली.

वीस वर्षांनी, १९०७ साली, एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव आंबेडकर ७५० पैकी २८२ गुण मिळवून मॅट्रिक झाले. आजच्या प्रवेशयाद्या वाचणाऱ्याला साडेसदतीस टक्के हा आकडा हास्यास्पद वाटेल; परंतु परळच्या चाळीतील अस्पृश्य कुटुंबातल्या मुलाच्या दृष्टीने तो इतका दुर्मीळ होता की त्याच्या सत्कारासाठी सभा भरली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, आणि पुढे पैसा अपुरा पडू लागला तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकून दरमहा पंचवीस रुपयांची सोय लावून दिली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्युलर यांनी त्याला पुस्तके व कपडे दिले. तेथल्याच उपाहारगृहात त्याला चहाच काय, पाणीही मिळत नव्हते. अशा स्थितीत १९१२ साली तो बी. ए. झाला.

ज्याने हे सोसले त्याने पुढे कोणत्या प्रकारचे महाविद्यालय काढले, हे पाहण्यासारखे आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज १९४६ साली मुंबईत सुरू झाले, ते सकाळच्या वर्गांसह. दिवसा कचेरीत खर्डेघाशी करून घर चालविणाऱ्या तरुणाला अकरा वाजता भरणारे कॉलेज, मग त्याची कीर्ती कितीही मोठी असो, बंदच असते, ही साधी गोष्ट तेथे ओळखली गेली होती. पुढल्याच वर्षी साताऱ्यास भाऊराव पाटलांनी छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले. इंग्रजी सहावीपलीकडे न गेलेल्या या गृहस्थाने ‘कमवा आणि शिका’ हा शिरस्ता घालून शेतातील श्रमांतून शिक्षणाचा खर्च भागविण्याची वाट मुलांना दाखविली. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज १८८० पासून, सांगलीचे विलिंग्डन १९१९ पासून होतेच. १९५० साली औरंगाबादला मिलिंद आणि १९५४ साली कऱ्हाडला गाडगे महाराज महाविद्यालय आले. मध्यम गुणांच्या मुलाला उच्च शिक्षण दिले ते प्रामुख्याने अशा संस्थांनी, आणि तेही त्याचे गुण वाढवून नव्हे, तर अंतर, वेळ व खर्च कमी करून, असे माझे स्पष्ट मत आहे.

टक्केवारीचा जाच नंतरचा. १९४९ साली मॅट्रिकची जागा एस. एस. सी. परीक्षेने घेतली, उत्तीर्णांची संख्या भराभर वाढली, आणि मूठभर नामांकित महाविद्यालयांच्या दाराशी रांगा लागल्या, तेव्हा चाळण म्हणून शेकडेवारी सोयीची ठरली. १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. त्यांनी कमी गुणवाल्यांना जागा दिली खरी, परंतु बापाच्या जमिनीवर किंवा भविष्यनिर्वाह निधीवर नजर ठेवून. नाशिकला १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने याच्या उलट, पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवून, शाळा मध्येच सुटलेल्यांसाठीही पदवीचा मार्ग खुला केला.

तेव्हा पसंतीक्रमाचा अर्ज भरावयास बसलेल्या पालकांना एवढीच विनंती, की शहरातील पहिली पाच नावे लिहिण्यापूर्वी आपल्या तालुक्यातील महाविद्यालयात एक दिवस जावे, तेथील वेळापत्रक मागून घ्यावे, तासाला शिक्षक येतात की नाही हे एखाद्या विद्यार्थ्यालाच विचारावे, वसतिगृह व फी यांचा तीन वर्षांचा हिशेब मांडावा, आणि मगच लेखणी उचलावी.