पेण-रोह्याची गाडी आणि रंगावरचे कवच

पेंट प्रोटेक्शन फिल्म, गॅरेजच्या बोलीत पीपीएफ, ही गाडीच्या रंगावर चिकटवायची पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. पेण-रोह्याला ती नवी आहे. पत्रा आणि रंग जपण्याची धडपड मात्र इथे मोटारीइतकीच जुनी आहे.

या भागात दळणवळण आधी खाडीने झाले. मुंबईहून लाँच धरमतरला लागे आणि तिथून पुढे पेण, नागोठणे, महाडकडे रस्त्याने जावे लागे. खाडीकाठी मिठागरे, आत खारभूमी, वर चार महिने कोसळणारा पाऊस. लोखंड टिकवणे कठीणच. मचव्यांच्या तळाला माशाचे तेल आणि डांबर फासण्याची रीत किनाऱ्यावर होतीच. मोटारी आल्यावर तोच तर्क चाकांखाली गेला. पावसाळ्याच्या तोंडावर गाडी खड्ड्यावर घ्यायची आणि खालून जळके ऑइल मारायचे. अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात खरा शत्रू गंज होता, तो फ्लोअरला, मडगार्डच्या आतल्या बाजूला आणि दाराच्या खालच्या कडेला धरायचा. वरच्या रंगाची काळजी म्हणजे मेणाचे पॉलिश आणि फडके.

समोरून येणारा मार नंतरचा, आणि तो रस्त्याने आणला. रोह्याशेजारी धाटावची रासायनिक वसाहत, नागोठण्याला पेट्रोकेमिकल प्रकल्प आणि डोलवीला पोलाद कारखाना आल्यावर मुंबई-गोवा महामार्गावर टँकर, ट्रेलर आणि डंपर वाढले. 2010 साली नव्या क्रमांकांत 17 चा 66 झालेल्या या महामार्गाचे पनवेल ते इंदापूर रुंदीकरण 2011 मध्ये सुरू झाले आणि दशकाहून अधिक काळ रेंगाळले. वळणरस्ते, उखडलेला थर, सुटी खडी हे वडखळ-नागोठणे पट्ट्यातल्या वाहनचालकांना नित्याचे झाले. रोह्याची गाडी भिसे खिंडीतून नागोठण्याला उतरो वा कोलाडला निघो, शेवटी ती याच रस्त्याला लागते.

त्याच सुमारास गाडीचा रंगही बदलला होता. आजच्या गाडीवर प्रायमर, रंगाचा थर आणि वर क्लिअर कोट असतो. सगळे मिळून जाडी साधारण 100 ते 120 मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एका पानाएवढी. पुढच्या डंपरच्या चाकाखालून उडालेला खडा बोनेटच्या कडेवर बसला की क्लिअर कोट चांदणीसारखा फुटतो. पापुद्रा उडाला की आतला फिकट प्रायमर दिसतो, आणि घाव पत्र्यापर्यंत गेला असेल तर एका पावसाळ्यात तिथे तांबूस ठिपका उमटतो. पेण हे खरे तर रंगाचे गाव. भौगोलिक मानांकन मिळालेल्या गणेशमूर्तींच्या या गावात स्प्रे गन चालवणारे हात गल्लोगल्ली सापडतात. पण कारखान्याच्या भट्टीत भाजलेला मेटॅलिक रंग टचअपने तंतोतंत परत येत नाही.

टेफ्लॉन आणि नंतर सिरॅमिक कोटिंग बाजारात आली. त्यांनी चकाकी येते, पाणी ठरत नाही, पक्ष्यांची विष्ठा लवकर निघते. पण मायक्रॉनभर जाडीचा थर खडा कसा थोपवणार? जाहिरात काहीही म्हणो.

खडा थोपवण्यासाठी फिल्मच लागते, आणि तिचा जन्म मोटारीसाठी झालेला नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळूने झिजत. त्या जपण्यासाठी अमेरिकेत थ्रीएम कंपनीची पॉलियुरेथेन फिल्म वापरली गेली. तिथून ती शर्यतीच्या आणि मग महागड्या गाड्यांवर आली. सुरुवातीच्या फिल्म ताठ असत आणि उन्हाने पिवळ्या पडत. 2010 नंतर उष्णतेने बारीक ओरखडे आपोआप भरून काढणारा वरचा थर आला, तेव्हा हे काम सर्वसामान्य गाड्यांपर्यंत पोहोचू लागले. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरच्या गरवारे हाय-टेक फिल्म्सने 2020 च्या दशकाच्या सुरुवातीला पीपीएफचे उत्पादन सुरू केले. या उद्योगसमूहाचे संस्थापक आबासाहेब गरवारे यांनी आपला जम मुंबईत मोटारींच्या खरेदी-विक्रीतच बसवला होता.

निवडताना पहिला प्रश्न थराच्या द्रव्याचा. टीपीयू, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, लवचिक असते आणि मार शोषते. स्वस्तात मिळणारी पीव्हीसी फिल्म दिसायला तशीच, पण लवकर ताठरते आणि पिवळी पडते. टीपीएच नावाने विकली जाणारीही मुळात पीव्हीसीच्याच घराण्यातली. जाडी साधारण 150 ते 200 मायक्रॉन असावी. वॉरंटीच्या कागदावर पिवळेपणा आणि कडा सुटणे यांचा स्पष्ट उल्लेख हवा.

लावण्याचे काम बंद, धूळमुक्त जागेतच करायचे. महामार्गाकाठच्या उघड्या शेडमध्ये नव्हे. गाडी धुऊन क्ले बारने घासतात, म्हणजे लोखंडाचे कण आणि डांबराचे थेंब निघतात. मग पत्रा आणि फिल्मची चिकट बाजू, दोन्हींवर साबणाच्या पाण्याचा फवारा. त्यामुळे फिल्म सरकवून जागेवर आणता येते. स्क्वीजीने मधून कडेकडे पाणी काढतात, बंपरच्या वळणावर हीट गनने ताण देतात आणि कडा आत दुमडतात. संगणकावर आधीच कापलेली फिल्म असेल तर गाडीवर ब्लेड चालवावे लागत नाही. हाताने कापताना ब्लेड रंगात उतरले तर कवचानेच जखम केली असे होते. आतले पाणी सुकायला काही दिवस जातात, पावसाळी दमटपणात अधिकच. तोवर प्रेशरने धुणे टाळावे.

काचेवरील फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये घातलेली बंदी या पारदर्शक फिल्मला लागू होत नाही, कारण ही पत्र्यावर बसते. रंग बदलणारी फिल्म लावली तर मात्र नोंदणीपुस्तकात बदल करून घ्यावा लागतो; एमएच-06 च्या गाड्यांसाठी ते काम पेणच्या आरटीओत होते.

रोज महामार्गावर जाणाऱ्या इथल्या गाडीला पूर्ण अंगभर फिल्मची गरज क्वचितच असते. बोनेट, पुढचा बंपर, आरसे आणि चाकांमागचा खालचा पट्टा झाकला तर बहुतेक मार अडतो. उरलेले पैसे खालच्या अँटी-रस्ट कोटिंगवर घालावेत, कारण तिथे फिल्म पोहोचत नाही आणि खाडीचा वारा पोहोचतो.