न झालेल्या कुस्त्यांचा निकाल

जी कुस्ती झाली तिच्याविषयीचा वाद चार दिवसांत शमतो. जी झाली नाही आणि कधी होणेही शक्य नाही, तिच्याविषयीचा वाद मात्र बापाकडून मुलाकडे वतनासारखा उतरतो. डिसेंबर 2018 मध्ये महाराष्ट्र केसरी किताबाच्या कुस्त्या जालन्याच्या आझाद मैदानावर झाल्या. मातीवरच्या गटातून बुलढाण्याकडून उतरलेला बाला रफिक शेख आणि गादीवरच्या गटातून पुण्याचा अभिजित कटके, जो आदल्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी होता, असे दोघे अखेरच्या कुस्तीत समोरासमोर आले आणि रफिकने 11 विरुद्ध 3 गुणांनी किताब जिंकला. ह्या निकालाविषयी आज कोणी भांडत नाही. परंतु ज्यांनी 1961 मध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, हाच किताब प्रथम मिळविला त्या दिनकर दह्यारी ह्यांची आणि रफिकची जोड लागली असती तर कोणाची पाठ मातीला लागली असती, असा प्रश्न कोणी काढला की आमच्याकडे पारावर, चहाच्या दुकानात आणि महाविद्यालयाच्या अध्यापककक्षातही तात्काळ दोन तट पडतात. त्या काळी जालना हा औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग होता. स्वतंत्र जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. तेव्हा पहिला केसरी आणि 2018 चा केसरी हे दोन्ही आपल्याच अंगणात ठरले, असे समजण्याचा जालनेकरांस थोडाबहुत हक्क आहे; आणि हा वाद येथे विशेष रंगतो त्याचे कारणही तेच असावे.

हा छंद केवळ आमचाच आहे असे मात्र नव्हे. पाश्चात्य देशांत मुष्टियुद्धाच्या रसिकांनी त्याचा अगदी कळस गाठला. अमेरिकेत मरे वोरोनर नावाच्या एका नभोवाणी-निर्मात्याने 1967 मध्ये निरनिराळ्या काळांतील वजनदार विजेत्यांची माहिती गणकयंत्रात भरून त्यांच्या काल्पनिक लढती लावल्या. त्यांत शतकारंभीच्या जिम जेफ्रीजकडून मुहम्मद अली हरल्याचे यंत्राने सांगितले. अलीने ही थट्टा मानली नाही. त्याने अब्रुनुकसानीचा 10 लाख डॉलरांचा दावा लावला. त्याची तडजोड अशी निघाली की, अलीने आणि 1956 मध्ये अपराजित राहून निवृत्त झालेल्या रॉकी मार्सियानोने कॅमेऱ्यासमोर लटकी लढत द्यावी, शेवट अनेक प्रकारे चित्रित करावेत आणि त्यांतला खरा कोणता ते यंत्राने ठरवावे. चित्रण 1969 मध्ये झाले. त्याच वर्षी 31 ऑगस्ट रोजी मार्सियानो विमानअपघातात मरण पावला. निकाल काय लागला हे त्याला कळलेही नाही. जानेवारी 1970 मध्ये चित्रपट लागला तेव्हा अमेरिकन प्रेक्षकांनी तेराव्या फेरीत अलीला कोसळताना पाहिले. उलट युरोपात मार्सियानो जखमी होऊन अली जिंकल्याचा शेवट दाखविला गेला. एकाच न झालेल्या लढतीचे दोन खंडांत दोन निकाल! यंत्र पुढे केल्याने न्याय निःपक्षपाती होतो, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ह्या प्रकाराचा अवश्य विचार करावा. प्रश्नच निराधार असेल तर उत्तर देणारा पारावरचा म्हातारा असो वा गणकयंत्र असो, तो अखेर ऐकणाऱ्याच्या मनातलेच बोलतो.

परंतु प्रश्न निराधार आहे असे नुसते म्हणून भागणार नाही. तो का निराधार आहे हे दाखविले पाहिजे. त्यासाठी कल्पनेत शिरण्याचे कारण नाही. इतिहासाने एकदा असा प्रयोग प्रत्यक्ष करून ठेवला आहे. 10 सप्टेंबर 1910 रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को ह्यांची कुस्ती झाली. गामाने त्याला पहिल्याच झपाट्यात खाली घेतले. पण झिबिस्को पोटावर असा पसरला की, अडीच तासांहून अधिक वेळ झटूनही गामाला त्याची पाठ लावता आली नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. पुढल्या आठवड्यात पुन्हा गाठ ठरली होती. त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही. त्यानंतर अठरा वर्षांनी, 1928 च्या जानेवारीत, पतियाळाच्या महाराजांच्या आश्रयाने हेच दोघे पुन्हा भिडले आणि ह्या वेळी गामाने एका मिनिटाच्या आत झिबिस्कोला अस्मान दाखविले. तोवर दोघेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर आले होते. माणसे तीच, नावे तीच. तथापि एक निकाल अडीच तासांत लागला नाही आणि दुसरा मिनिटभरात लागला. मग ज्या दोन मल्लांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नाही, त्यांच्या कुस्तीचा निकाल आम्ही खात्रीने सांगू, असे म्हणणाराच्या धाडसाला काय म्हणावे?

मधल्या काळात काय बदलले होते, ते पाहण्याजोगे आहे. लंडनला परक्या भूमीवर गादी होती आणि परके नियम होते. पतियाळास ओळखीची माती होती, आपले नियम होते, आपले लोक होते. कुस्ती ही दोन शरीरांची असते असे आपण म्हणतो. वस्तुतः ती दोन शरीरांची, एका भूमीची आणि एका नियमाची असते. जुनी निकाली कुस्ती पाठ लागेपर्यंत चाले. घटका गेल्या तरी कोणी शिट्टी वाजवीत नसे. तीत दम हेच मुख्य भांडवल होते, आणि खडाखडीत अर्धा तास घालविणे हा शहाणपणा गणला जाई. आजच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. ताबा घेतला की गुण मिळतात, दहा गुणांचे अंतर पडले की पाठ न लागताही कुस्ती संपते, आणि जो अंग चोरतो त्यास पंच ताकीद देतात. येथे जो स्फोटासारखा उसळतो तो जिंकतो. ताक, तेल, हळद घालून मऊ केलेल्या लाल मातीत पाय रुततो. गादीवर तो घसरतो किंवा चिकटतो. पहिल्या पद्धतीचा राजा दुसऱ्या पद्धतीत सहा मिनिटांत गुणांवर हरेल आणि दुसरीचा राजा पहिलीत तासाभराने धापा टाकील, असे घडणे अगदी संभवनीय आहे. मग त्यांतला श्रेष्ठ कोण? ज्याच्या मैदानावर कुस्ती लावाल तो! म्हणजे मैदान निवडतानाच निकाल देऊन झालेला असतो.

आमच्या जुन्या वस्तादांना हे तत्त्व उत्तम ठाऊक होते. जत्रेच्या मैदानात हलगी कडाडत असली, पोरे शड्डू ठोकून तयार असली, तरी पंच दोघांना जवळ उभे करून वय, वजन, अंग, तयारी पाहत आणि मगच जोड लावीत. विजोड कुस्ती लावणे हा पंचांचा कमीपणा समजला जाई. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात मल्लविनोदाचे प्रकरण आहे. तेथेही मल्लांचे वर्ग पाडून, त्यांचा आहार व व्यायाम ठरवून मगच त्यांना झुंजविण्याचा विचार आहे. तात्पर्य, आठ-नऊशे वर्षे ह्या विद्येचा पहिला नियम ‘आधी जोड, मग कुस्ती’ असा आहे. काळाच्या दोन टोकांचे मल्ल झुंजविणारे आपण मात्र नेमकी तीच पायरी गाळतो.

ह्यावर कोणी म्हणेल, “अस्सल मल्लास माती काय आणि गादी काय! तो कोठेही जिंकणारच.” ह्या आक्षेपाचे उत्तर खाशाबा जाधव ह्यांच्या चरित्रात आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीत वाढला. 1948 मध्ये लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते गादीवर उतरले आणि सहावे आले; 1952 मध्ये हेलसिंकीस त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीच्या प्रवासखर्चासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी स्वतःचे घर गहाण टाकून 7,000 रुपये दिले, ही गोष्ट आम्हा अध्यापकांस तरी कधी विसरता येणार नाही. सहाव्यापासून तिसऱ्यापर्यंतची वाट खाशाबांना चार वर्षे पडली. म्हणजे अस्सल मल्ल मातीवरून गादीवर जाऊ शकतो हे खरे. पण त्याला वेळ, शिक्षण आणि खर्च लागतो. आता आमच्या काल्पनिक कुस्तीत दह्यारींना गादीवर उतरविताना अशी चार वर्षे द्यावयाची की नाहीत? दिली तर ते 1961 चे दह्यारी राहत नाहीत. न दिली तर तो त्यांच्यावर अन्याय होतो. तिसरी वाट नाही.

ह्याच खाशाबांच्या निमित्ताने ह्या वादाचा आणखी एक दोष उघड होतो. सर्वश्रेष्ठ मल्ल कोण, ही चर्चा आम्ही पुष्कळ ऐकली आहे. तीत गामा येतो, इमामबक्ष येतो, श्रीपती खंचनाळे, मारुती माने, दादू चौगुले येतात. खाशाबा क्वचितच येतात. कारण काय? तर ते 57 किलोच्या गटात लढले! जगातल्या मल्लांशी झुंजून ज्याने पदक आणले तो बाहेर, कारण त्याचे वजन आपल्या कल्पनेस भरत नाही. ह्यावरून ह्या वादात आपण बळ मोजतो की केवळ आकार मोजतो, असा संशय आल्यावाचून राहत नाही.

विशेष आश्चर्य हे की, ह्या प्रश्नाचा निवाडा आमच्याच परंपरेने फार पूर्वी करून ठेवला आहे. आमच्या जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान. बलोपासनेचे दैवत म्हणून ज्या मारुतीची स्थापना त्यांनी ठिकठिकाणी केली, त्याची मूर्ती नाही अशी तालीम महाराष्ट्रात मिळणे कठीण. तो मारुती आणि भीम ह्यांची गाठ महाभारताच्या वनपर्वात पडते. त्रेतायुगाचा अजिंक्य वीर आणि द्वापारयुगाचा अजिंक्य मल्ल! आजचा एखादा रसिक असता तर त्याने तेथेच आखाडा आखला असता. व्यासांनी तसे केले नाही. भीमाला वाटेतले शेपूट उचलवत नाही, त्याचा गर्व उतरतो, आणि मग तो समुद्र ओलांडला तेव्हाचे रूप पाहण्याची इच्छा धरतो. त्यावर मारुती प्रथम नाहीच म्हणतो. तो काळ निराळा होता, युगाबरोबर देह, बळ, सामर्थ्य सारेच पालटते, असे तो समजावून सांगतो आणि चारही युगांचे धर्म कथन करतो. पुढे भावाच्या आग्रहास्तव तो ते रूप दाखवितो हे खरे. परंतु कुस्ती होत नाही. दोन युगांचे बल एकमेकांस भेटते, वंदन करते, आणि आपापल्या वाटेने जाते. ज्या दैवतापुढे नारळ फोडून आपले पैलवान हौदात उतरतात, त्याचेच हे सांगणे आहे.

असो. हा वाद निरुपद्रवी आहे, मग त्याची एवढी चिकित्सा कशास, असे वाचक विचारतील. आमच्या मते तो तितका निरुपद्रवी नाही. ह्या न झालेल्या कुस्त्यांत जिंकतो कोण ते पाहावे: दहांपैकी नऊ वेळा जुनाच जिंकतो. ह्याचे कारण उघड आहे. आजच्या मल्लाची हार सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेली असते, तिचे चित्रण हाताशी असते. जुन्याच्या कुस्तीची फक्त आठवण उरते, आणि आठवण हा असा खुराक आहे की त्यावर मेलेला मल्लही दरसाल वजनाने वाढतो. ज्या पोराला हौदात उतरल्या दिवसापासून “तुमच्यात ते पाणी नाही” असे ऐकविले जाते, त्याची जोड एका सावलीशी लावलेली असते. सावलीची पाठ कधी मातीला लागत नाही.

शिवाय जुन्यांचे बळ आले कोठून, हा खरा ऐतिहासिक प्रश्न त्या गौरवात झाकून जातो. शाहू छत्रपतींनी कोल्हापुरास खासबागेचे मैदान उभारले आणि 1912 मध्ये तेथे गामाचा धाकटा भाऊ इमामबक्ष ह्याची कुस्ती गुलाम मोहिद्दीनशी झाली. त्या काळच्या मल्लांमागे संस्थानचा कोठार होता. दूध, बदाम, तूप ह्यांची चिंता राजा वाहत असे. संस्थाने विलीन झाली आणि तो कोठार बंद झाला. आमचा मराठवाडा तर सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. खासबागेसारखे मैदान त्याच्या वाट्यास आले नाही. ह्याच मराठवाड्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 चे महाराष्ट्र केसरी झाले आणि 1970 मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पण त्यासाठी त्यांना कोल्हापूरची तालीम गाठावी लागली. बीज येथले, मशागत तेथली. तेव्हा दह्यारी श्रेष्ठ की रफिक, असे विचारण्याऐवजी दोघांस दूध कोणी पुरविले, वस्ताद कोण लाभला, गादी कोणत्या वयात पायाखाली आली, असे विचारले तर उत्तरही मिळेल आणि त्या उत्तराचा आजच्या पोरांस उपयोगही होईल.

पारावरचा वाद बंद पडावा अशी आमची मुळीच इच्छा नाही. जेथे जुन्या मल्लांची नावे निघत नाहीत तेथे नवे मल्लही निपजत नाहीत. आमचे मागणे एवढेच की, मल्लाचे मोल ठरविताना त्याची त्याच्याच काळाशी जोड लावावी: त्याला जी माती, जे नियम आणि जे प्रतिस्पर्धी मिळाले, त्यांत तो इतरांहून किती वर उठला हे पाहावे. ह्या मापाने दह्यारींचे 1961 चे यश आणि रफिकचे 2018 चे यश दोन्ही पुरी भरतात, आणि एकाला मोठे ठरविण्यासाठी दुसऱ्यास चीत करण्याची गरज उरत नाही.