शिकारीची यात्रा ते धम्मयात्रा

‘विहार’ हा शब्द आपण रोज उच्चारतो. पण एके काळी राजेलोकांच्या तोंडी त्याचा अर्थ निराळाच होता, हे किती जणांना ठाऊक आहे? आम्हांला तरी कुठं होतं! ते कळलं आपल्या सोपाऱ्याच्या एका फुटक्या दगडामुळे.

एका रविवारी खोताच्या वाडीतून मुलाबाळांसह आम्ही निघालो. चर्नी रोडला लोकल धरली आणि नालासोपारा गाठलं. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तिथल्या बुरूड राजाच्या कोटात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरून काढला. त्याच साली त्यांना तिथल्या तळ्याजवळ सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात जपलेला आहे.

तुकड्यावर थोडीच अक्षरं उरलीत. पण हाच लेख गिरनारलाही कोरलेला आहे, म्हणून अर्थ लागतो. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे शिकार नि मौजमजा करायला! अशोक मात्र राज्याभिषेकानंतर १० वर्षांनी संबोधीला, म्हणजे बुद्धगयेला गेला आणि त्याची धम्मयात्रा सुरू झाली. तीत श्रमण-ब्राह्मणांना दान, वृद्धांची भेट नि मदत, खेड्यापाड्यांतल्या जनतेशी धम्माची चर्चा.

“मग हरणं वाचली का?” आमच्यातल्या एका मुलानं विचारलं. लगेच नाही, बाळा. पहिल्या शिलालेखात अशोक स्वतःच कबूल करतो की, राजाच्या मुदपाकखान्यात अजून २ मोर आणि १ हरीण मारलं जातं, तेही पुढे बंद होईल. राजालाही सवय एका दिवसात सोडवली नाही.

पण त्याच्याच मुलाची गोष्ट बघा. महावंस सांगतो की, ज्येष्ठ पौर्णिमेला सिंहलद्वीपाचा राजा देवानंपियतिस्स हरणामागे धावत डोंगरावर चढला, तो समोर महिंद थेर उभे! राजानं धनुष्य खाली ठेवलं. त्याच शिकारीच्या डोंगरावर, मिहिंतलेला, भिक्खूंसाठी लेणी झाली. पुढे तिथं भोजनशाळा आणि रुग्णालयही उभं राहिलं. त्यांचे अवशेष आजही आहेत.

शिकारीचं रान विहार झालं ते असं. जिथं जीव भ्यायचे, तिथं आजाऱ्याला औषध मिळू लागलं.

वर्धापनदिनी आपण फुलं वाहू, दिवे लावू. पण आपल्या चाळींत कितीतरी म्हातारी माणसं एकटी राहतात. त्यांचं दार आपण शेवटचं कधी वाजवलं? अशोकाची धम्मयात्रा तिथूनही सुरू होते. त्याला लोकलचं तिकीटही लागत नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!