चुन्याचा हात

गेल्या ऑगस्टात रात्री दोन वाजता चार वर्षांच्या नातीला नेब्युलायझर लावून बसले होते. खोलीत कुबट वास येत होता. सकाळी मुलाने कपाट पुढे ओढलं. मागची भिंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली. हात लावला तर बोटाला काजळी. मी चिपळूणची, ओल मला नवी नाही. पण बंगळुराजवळच्या देवनहळ्ळीच्या या कोरड्या माळावर, आठव्या मजल्यावर बुरशी?

डॉक्टर म्हणाल्या, दम्याचं नाव घ्यायची घाई नको, आधी भिंत कोरडी करा.

भिंतीचा विचार डोक्यात घेऊनच इथल्या किल्ल्यात गेले. तो 1501 साली मातीचा होता. दगडी रूप हैदर-टिपूच्या काळात आलं. लोक टिपूचं जन्मस्थान बघायला येतात, मी मात्र दगडांच्या सांध्यांतला चुना बघत बसले. किल्ल्याच्या आत अजून वस्ती आहे. तिथल्या एक आजी म्हणाल्या, उगादीआधी घराला 'सुण्ण', म्हणजे चुना, लागायचाच. आमच्याकडे तो मान दिवाळीचा. शिंपल्या भाजून केलेली चुनकळी माठात टाकली की पाणी खदखदायचं. आई आम्हाला अंगणात हाकलायची. डोळ्यांत थेंब गेला तर खेळ खलास. रात्रभर मुरलेला चुना फडक्यातून गाळायचा, त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ, मग काथ्याचा कुंचा.

दरवर्षी कशाला, असं वाटायचं. कारण आत्ता कळलं. ताजा चुना इतका क्षारयुक्त असतो की त्यावर बुरशी रुजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत तो पुन्हा चुनखडी होतो आणि क्षार उतरतो. म्हणजे सणाचा हात हा भिंतीला दिलेला वार्षिक डोसच होता! सरकारचाही चुन्यावर भरवसा होता: 1897 च्या पुण्याच्या प्लेगात घरं धुऊन चुना मारत. पुढच्याच वर्षी साथ बंगळुरात आली, आणि त्याच दिवसांत बसवनगुडी, मल्लेश्वरम या मोकळ्या हवेच्या वस्त्या आकाराला आल्या.

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. आमच्या चुलीच्या धुराने मुलं खोकायचीच. पण त्या चुन्याच्या भिंती ओल पीत आणि सोडतही. सिमेंटच्या गिलाव्यावर प्लास्टिक पेंट चढला की आत शिरलेलं पाणी आतच कोंडतं. त्यात 2008 ला विमानतळ आला, इमारती भराभर उठल्या, आणि धुळीपायी आम्ही खिडक्याही लावून घेतल्या.

ओलसर, बुरशीच्या घरांचा दम्याशी आणि श्वसनाच्या तक्रारींशी संबंध आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली नोंदवलं. इंग्लंडात रॉचडेलला 2020 मध्ये अवाब इशाक हे दोन वर्षांचं पोर घरातल्या बुरशीपायी दगावलं. त्याच्या नावाने तिथे कायदा झाला. आमच्या बिल्डरचा माणूस मात्र म्हणाला, "ओल्या फडक्याने पुसून घ्या."

पलीकडच्या बाथरूमचा नळ आत गळत होता, तो आधी दुरुस्त केला. नातीला आठवडाभर आत्याकडे पाठवून पेंट गिलाव्यापर्यंत खरवडला. मग चुन्याचे तीन हात. कपाट आता भिंतीपासून वीतभर पुढे आहे. टेकलं की फ्रॉकला पांढरं लागतं, म्हणून नातीला ती भिंत आवडत नाही.