कडक डोहाळे: हजार वर्षांचा प्रश्न, एका जनुकाचं उत्तर

आजचा विषय पोरींसाठी आहेच, पण पोरांनो, तुम्हीही ऐका. कारण शेवटी यात तुमचाही हात निघणार आहे.

"तिला कडक डोहाळे लागलेत." हे वाक्य तुम्ही घरात कधीतरी ऐकलं असेल. फोडणीचा वास आला की मळमळ, पाणी प्यायलं तरी उलटी. आणि मग ठरलेला टोमणा: "आम्हाला नाही बाई असलं काही झालं!" म्हणजे ही नाटक करते. खरंच नाटक असतं का हे? यामागे मोठा इतिहास आहे.

डोहाळे हा शब्द आला संस्कृत 'दोहद'वरून. सुश्रुतसंहितेत गर्भवतीला 'दौहृदिनी' म्हटलंय, म्हणजे दोन हृदयांची बाई. एक हृदय तिचं, एक बाळाचं. बाळाला जे हवं ते आईच्या तोंडून बोललं जातं, अशी ही कल्पना. ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थेट १८८६. कल्याणची आनंदीबाई जोशी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाली. तिच्या प्रबंधाचा विषय काय होता माहितीये? हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र! चौदाव्या वर्षी स्वतःचं दहा दिवसांचं बाळ गमावलेली ही मुलगी. बाळंतपण हा अभ्यासाचा विषय आहे, नशिबाचा नाही, हे तिनं त्या काळात दाखवून दिलं.

पण विसाव्या शतकात गाडी भलतीकडेच गेली. युरोप-अमेरिकेतले काही डॉक्टर म्हणू लागले की या उलट्या मनातून येतात, बाईला मूलच नको असतं म्हणून येतात. घ्या! म्हणजे आपल्याकडच्या टोमण्याला तिकडे डिग्री मिळाली. दुसरीकडे १९५७ मध्ये जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं औषध बाजारात आलं. गरोदर बायकांना मळमळीवरही ते दिलं गेलं. १९६१ मध्ये ते मागे घेतलं, तोवर जगभरात सुमारे दहा हजार बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली होती. त्यानंतर गरोदरपणातली औषधं म्हटलं की सगळेच बिचकू लागले.

मग कलाटणी कुठे मिळाली? १९९९ मध्ये मार्लेना फेझो या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ गरोदर होत्या. उलट्या इतक्या की उठता येईना. डॉक्टरांना ते खरं वाटलं नाही आणि बाळ गेलं. फेझोंनी मग हाच विषय धरून ठेवला. २०१० मध्ये नॉर्वेतल्या लाखो जन्मांच्या नोंदींवरून एक गोष्ट दिसली: आईला हा तीव्र त्रास झाला असेल तर मुलीला तो होण्याची शक्यता ३ टक्के, नसेल तर १.१ टक्के. म्हणजे जवळपास तिप्पट. सुनांमध्ये मात्र सासूच्या त्रासानं जवळजवळ फरक पडत नव्हता. म्हणजे सासूबाईंचा "आम्हाला नाही झालं" हा दाखला इथे चालतच नाही!

२०१८ मध्ये फेझोंच्या टीमनं हजारो बायकांचा डीएनए तपासला आणि बोट ठेवलं जीडीएफ१५ या जनुकावर. त्यापासून बनणारं संप्रेरक मेंदूच्या तळाशी जाऊन मळमळीची घंटा वाजवतं. डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये पुढचा उलगडा आला. गरोदरपणात हे संप्रेरक मुख्यतः बाळाकडून आणि वारेकडून येतं. ज्या बाईच्या रक्तात ते आधीपासून कमी असतं, तिला त्याची सवय नसते, म्हणून तिला जास्त त्रास. तिखटाचं कसं असतं? रोज शेंगाचटणी खाणाऱ्याला ठसका लागत नाही, नवख्याला लागतो. तसंच. बीटा थॅलेसेमिया असलेल्या बायकांमध्ये हे संप्रेरक कायम जास्त असतं, आणि त्यांना गरोदरपणात मळमळ फारच कमी होते. बाळाची निम्मी जनुकं बापाची. म्हणून पोरांनो, तुमचाही हात आहे म्हटलं!

आता दौहृदिनी आठवा. सुश्रुताला जनुक माहीत नव्हतं. पण बाळाकडून आईच्या शरीराला काहीतरी पोचतं, हा अंदाज फार चुकीचा नव्हता.

हे सगळं सोलापूरला का सांगायचं? कारण इथे हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. दिवसभर नाकाशी तंबाखूचा वास, आणि उलटीसाठी उठलं की तेवढ्या विड्या कमी. अशा बाईला "नाटक करते" म्हणणं म्हणजे तिची मजुरी आणि तब्येत दोन्हींवर घाव.

सगळंच काही जनुकांवर ढकलता येत नाही, आणि खात्रीचा उपायही अजून हातात नाही. पण एवढं तर करू शकतो: पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी किंवा गडद होत असेल, वजन उतरत असेल, चक्कर येत असेल, तर थेट दवाखाना गाठायचा. आणि डॉक्टरांना सांगायचं, "माझ्या आईलाही असंच झालं होतं."

आज घरी गेल्यावर आईला विचारा, माझ्या वेळी तुला किती त्रास झाला होता? बहुतेक तिला आजवर कुणी विचारलंच नसेल. भेटू पुढच्या एपिसोडला!